स्पिनर्स: मोटाउन सोडल्यानंतरचा पहिला अल्बम

सूरपारंबी

'मोटाउनने स्पिनर्सना कुजवलं आणि अटलांटिकने तारलं' हे वाक्य सोल संगीतावरच्या गप्पांत हमखास येतं. त्यातला पहिला भाग मला बराचसा पटतो. दुसरा पटत नाही, आणि त्यासाठीच हा धागा काढतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्पिनर्स हा अमेरिकेतला सोल गाणारा ग्रुप, मोटाउन आणि अटलांटिक या तिथल्या रेकॉर्ड कंपन्या (लेबल). डेट्रॉइटच्या उत्तरेला लागून फर्नडेल नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या शाळकरी पोरांनी १९५४ मध्ये 'डोमिन्गोज' या नावाने गायला सुरुवात केली, १९६१ मध्ये ते 'स्पिनर्स' झाले. हार्वी फुक्वा आणि ग्वेन गॉर्डी यांच्या ट्राय-फाय या छोट्या लेबलवर त्यांचं पहिलं गाणं आलं, 'दॅट्स व्हॉट गर्ल्स आर मेड फॉर'. पॉप चार्टवर २७व्या क्रमांकापर्यंत गेलं, नवख्या पोरांसाठी हे थोडंथोडकं नव्हतं. १९६३ मध्ये मोटाउनने ट्राय-फाय विकत घेतलं आणि स्पिनर्स त्या व्यवहारात मोटाउनकडे गेले.

हे लक्षात ठेवा, कारण माझा सगळा मुद्दा इथेच आहे. मोटाउनमध्ये कुणी त्यांचं गाणं ऐकून 'हे मला हवेत' असं म्हटलेलं नव्हतं. दुकान विकत घेतलं, त्यात हेही आले.

पुढची आठ-नऊ वर्षं बघा. मोटाउनवर त्यांचे अल्बम आले दोन: १९६७चा 'दि ओरिजिनल स्पिनर्स' आणि १९७०चा 'सेकंड टाइम अराउंड'. एवढ्या काळात फक्त दोन! मोटाउनच्याच टेम्पटेशन्स आणि फोर टॉप्स या ग्रुप्सचे तेव्हा वर्षाला दोन-दोन निघत होते. मधल्या काळात ही मंडळी त्याच कंपनीत इतर कलाकारांचे रोड मॅनेजर होती, गाड्या चालवत होती, रेकॉर्डच्या पेट्या पाठवायच्या खात्यात काम करत होती. स्वतःच्या आवाजाने ज्यांना ओळखायला हवं होतं ते लोक दुसऱ्यांचे दौरे सांभाळत होते. हे वाचलं की मला आजही वाईट वाटतं.

१९७०ला 'इट्स अ शेम' आलं, पॉप चार्टवर १४व्या क्रमांकावर गेलं आणि तरी वर्षभरात सगळं पुन्हा थंड. करार संपत आला तेव्हा डेट्रॉइटच्याच असलेल्या गायिका अरेथा फ्रँकलिनने सुचवलं की माझ्या लेबलकडे, अटलांटिककडे या. १९७२ मध्ये ते गेले. लीड गायक जी. सी. कॅमेरॉन मोटाउनच्या करारात होता, तो तिथेच राहिला. त्याच्या जागी फिलिपे विन आला.

आता माझं म्हणणं. अटलांटिकने दिली ती जागा. खरी गोष्ट घडली ती थॉम बेलमुळे. फिलाडेल्फियाचा हा संगीतकार-प्रोड्यूसर. डेलफॉनिक्स आणि स्टायलिस्टिक्स या ग्रुप्समुळे तोवर त्याचं नाव झालं होतं. अटलांटिकच्या कलाकारांच्या यादीतून त्याने स्वतः स्पिनर्सचं नाव काढलं. अठरा वर्षं गाणाऱ्या या ग्रुपला पहिल्यांदा कुणीतरी निवडलं होतं. १९७३च्या एप्रिलमध्ये आलेल्या 'स्पिनर्स' या अल्बममध्ये हे ऐकू येतं. बेलने प्रत्येक आवाज ओळखला, आणि प्रत्येक गाण्यात कुठला आवाज कुठे यावा हे आधी बसून ठरवलंय.

'आय'ल बी अराउंड', 'कुड इट बी आय'म फॉलिंग इन लव्ह', 'वन ऑफ अ काइंड': तिन्ही आर अँड बी (कृष्णवर्णीय संगीताच्या) चार्टवर पहिल्या क्रमांकावर, तिन्ही गोल्ड. सिंगल गोल्ड म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने दहा लाख प्रती. अल्बमही आर अँड बी यादीत पहिला, पॉपमध्ये चौदावा.

मंडळी, तुम्हाला काय वाटतं? लेबल, प्रोड्यूसर की नवा गायक?

कानसेन

मस्त विषय. माझं उत्तर सरळ आहे: फिलिपे विन.

'कुड इट बी' नीट ऐका. जवळजवळ सगळं गाणं बॉबी स्मिथ गातो, अगदी नेमकं, मऊ, सुरेल. शेवटाकडे विन येतो आणि गाणं हातात घेतो. शब्द तेच, पण तो त्यांना पुढे-मागे ओढतो, मध्येच तोडतो, एखाद्या शब्दावर रेंगाळतो आणि नेमका समेवर परत येतो. आपल्याकडे बोल घेऊन खेळणारा गायक ऐकलेल्या माणसाला हे ऐकून लगेच काहीतरी ओळखीचं सापडेल. स्मिथ आधीपासून ग्रुपमध्ये होताच. तो बदलला नाही. बदलला तो दुसरा आवाज. मग श्रेय कुणाला?

सूरपारंबी

@कानसेन, विनबद्दल एक शब्दही कमी करणार नाही. पण अल्बममधून आलेलं पहिलं मोठं गाणं 'आय'ल बी अराउंड', आणि ते पूर्ण बॉबी स्मिथचं आहे. शिवाय ते मुळात सिंगलच्या मागच्या बाजूला होतं. पुढच्या बाजूला विनचं 'हाउ कुड आय लेट यू गेट अवे'. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी केली आणि मागची बाजू वाजवायला लागले. तिथून ते पॉपमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं.

म्हणजे ज्या माणसाला मोटाउनने दहा वर्षं ऐकलं होतं, त्याच माणसाच्या आवाजावर पहिला गोल्ड आला.

मिशिगनकर

माझं घर फर्नडेलपासून फार लांब नाही, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही.

मोटाउनची बाजू कुणीतरी मांडायला हवी. वेस्ट ग्रँड बुलव्हार्डवरचं २६४८ नंबरचं घर आता संग्रहालय आहे. बघितलंत तर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे जागा किती छोटी आहे. स्टुडिओ ए म्हणजे एक मोठी खोली. तिथे दिवसरात्र काम चालायचं, आणि आठवड्याच्या बैठकीत कुठलं गाणं बाहेर काढायचं ते ठरायचं. त्या बैठकीत तुमच्यासमोर सुप्रीम्स, टेम्पटेशन्स, फोर टॉप्स, मार्व्हिन गे, मिरॅकल्स. हॉलंड-डोझियर-हॉलंडसारख्या लेखकांनी आपलं उत्तम गाणं कुणाला द्यावं? जे आधीच चालतंय त्याला. यात दुष्टपणा नव्हता, पण रांगेत शेवटी उभ्या असलेल्याला शेवटचंच मिळणार.

दुसरं म्हणजे, १९७२ मध्ये मोटाउनने डेट्रॉइटच सोडलं, कारभार लॉस एंजेलिसला गेला. स्पिनर्स सोडून गेले असं म्हणताना हेही बघा की कंपनी स्वतःच शहर सोडून चालली होती. फोर टॉप्स त्याच वर्षी बाहेर पडले. इथले जुने लोक अजून त्या वर्षाबद्दल बोलतात ते एखाद्या कारखान्याच्या बंद होण्याबद्दल बोलावं तसं.

आणि तिसरं: 'इट्स अ शेम' मोटाउनचंच आहे ना? स्टीव्ही वंडरने सिरीटा राइट आणि ली गॅरेटबरोबर लिहिलं, प्रोड्यूसही त्यानेच केलं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. मोटाउनमध्ये स्पिनर्सकडे कुणी बघितलंच नाही असं म्हणता येत नाही.

सूरपारंबी

@मिशिगनकर, तिसरा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे! मोटाउनमधलं त्यांचं सगळ्यात चांगलं गाणं कसं आलं? एका माणसाने मनावर घेतलं म्हणून. स्टीव्हीने पुढच्या वर्षी 'वी'ल हॅव इट मेड'ही करून दिलं, ते ८९व्या क्रमांकावर अडकलं. त्यानंतर स्टीव्हीचं स्वतःचं काम वाढलं आणि स्पिनर्ससाठी वेळ काढणारं कुणी उरलं नाही. लेबल तेच होतं, माणूस गेला.

एक_वाचक

छान चर्चा. मला यांचं एकच गाणं माहीत होतं, 'रबरबँड मॅन', तेही २०१८च्या त्या 'ॲव्हेंजर्स'च्या सिनेमात गार्डियन्सची एंट्री होते तिथलं. ते याच अल्बममधलं का? आणि सुरुवात कुठून करू?

कानसेन

@एक_वाचक, नाही, ते नंतरचं, १९७६चं. थॉम बेल आणि गीतकार लिंडा क्रीडचं. पॉपमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. गायक मात्र तोच विन. ते आवडलं असेल तर १९७४चं 'माइटी लव्ह' ऐका. उत्तरार्धात विन जे करतो त्यासाठी ते लांबवलंय, सिंगलवर दोन भागांत विभागावं लागलं.

बेसवाला

मी वाजवतो, म्हणून वाजवणाऱ्यांबद्दल बोलतो. गायक, लेबल, प्रोड्यूसर सगळे आले, ज्यांच्या खांद्यावर अल्बम उभा आहे त्यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही.

फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ट्वेल्थ स्ट्रीटवर सिग्मा साउंड स्टुडिओ. जो टार्सिया या साउंड इंजिनिअरने १९६८ मध्ये सुरू केलेला. तिथली वाजवणारी मंडळी पुढे एमएफएसबी या नावाने प्रसिद्ध झाली: ड्रम्सवर अर्ल यंग, बेसवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस, रोलंड चेंबर्स आणि बॉबी एलाय, व्हायब्राफोनवर व्हिन्स मोंटाना, काँगावर लॅरी वॉशिंग्टन. स्ट्रिंग्ज आणि ब्रास जमवायचं काम डॉन रेनाल्डोकडे.

'आय'ल बी अराउंड' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीची गिटारची ती छोटी आकृती जवळपास सगळ्या गाण्यात येत राहते. काँगा आणि ड्रम एकमेकांत असे बसलेत की वेगळे काढायला प्रयत्न करावा लागतो. बेस कमी बोलतो. एखादा शिकाऊ तिथे दुप्पट सूर वाजवेल, बेकर वाजवत नाही, आणि म्हणून स्मिथच्या आवाजाला मोकळी जागा मिळते. गाणं निरोपाचं आहे, 'तू जा, पण मी आहे' असं म्हणणारं. आणि ठेका मात्र चालता, न थांबणारा. दुःखाच्या शब्दांखाली असा ठेका ठेवायला धाडस लागतं.

हे असं दर वेळी जमून येत नसतं. थॉम बेल सगळं कागदावर लिहून आणायचा. लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला माणूस. मोटाउनच्या वादकांची पद्धत जास्त मोकळी होती, स्टुडिओत बसून ग्रूव्ह शोधायचा. बेलकडे काय वाजवायचं ते बहुतेक ठरलेलं असायचं, फ्रेंच हॉर्न कुठल्या मात्रेवर शिरणार हेसुद्धा. या दोन पद्धतींत मी उजवं-डावं करणार नाही, पण स्पिनर्सना दुसरी पद्धत मानवली हे नक्की.

पणजीकर

@बेसवाला, तुम्ही लिहिलंत त्यावरून एक सांगावंसं वाटतं. हिंदी सिनेमाच्या संगीतात चाल संगीतकाराची आणि वाद्यमेळ अरेंजरचा, अशी वाटणी असायची. आमच्या गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हेच करत. स्वरलेखन येणारे गोवेकर वादक नसते तर त्या काळच्या कित्येक गाण्यांना ते भरलेपण आलं नसतं. थॉम बेलचं वेगळेपण असं की चाल, वाद्यमेळ, ऑर्केस्ट्राचं संचलन, रेकॉर्डिंगचा निर्णय, चारही कामं एकाच डोक्यातून यायची. त्यामुळे गायकाला काय झेपेल आणि त्याच्यामागे व्हायोलिन किती मोठं ठेवायचं, यात मतभेदाला जागाच नव्हती. सूरपारंबी म्हणतात ते 'निवडणं' मला इथे दिसतं.

रात्रपाळी

वाचतोय सगळं. प्रोड्यूसरला एवढं श्रेय देण्याआधी बाकीची उदाहरणं बघू. त्या सहा-सात वर्षांत मोटाउन सोडणाऱ्यांची रांगच लागली होती.

फोर टॉप्स, १९७२, डनहिल लेबलकडे. 'कीपर ऑफ द कासल' हा अल्बम. त्यातलं 'एन्ट नो वुमन' १९७३ मध्ये पॉपमध्ये चौथं. लेखक लॅम्बर्ट आणि पॉटर.

ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स, १९७३, बुद्धा लेबलकडे. 'इमॅजिनेशन' हा अल्बम आणि 'मिडनाइट ट्रेन टु जॉर्जिया' थेट पहिल्या क्रमांकावर. आणि हे विसरू नका की निघताना मोटाउनवर त्यांचं 'नायदर वन ऑफ अस' दुसऱ्या क्रमांकावर होतं. म्हणजे हे लोक पडल्यावर नाही, चढत असताना बाहेर पडले.

जॅक्सन फाइव्ह, एपिक लेबलकडे. १९७६चा पहिला अल्बम. नाव मोटाउनकडे राहिलं म्हणून 'जॅक्सन्स' झाले, जर्मेन मोटाउनमध्येच राहिला. प्रोड्यूसर गॅम्बल आणि हफ, तेच फिलाडेल्फिया. 'एन्जॉय युवरसेल्फ' चाललं, दुसरा अल्बम फारसा नाही. १९७८ मध्ये भावांनी स्वतः प्रोड्यूस केलेला 'डेस्टिनी' आला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: टेम्पटेशन्स. १९७७ मध्ये ते मोटाउन सोडून कुठे गेले? अटलांटिककडेच. 'हिअर टु टेम्प्ट यू' हा अल्बम कुणी प्रोड्यूस केला? रॉनी बेकर, नॉर्मन हॅरिस आणि अर्ल यंग यांनी. बेसवाल्यांनी वर ज्यांची नावं घेतली तेच तिघे. लेबल तेच, शहर तेच, ठेका धरणारे हात तेच. अल्बम आपटला. पुढच्या वर्षीचा 'बेअर बॅक'ही आपटला. १९८० मध्ये टेम्पटेशन्स परत मोटाउनकडे.

बेसवाला

@रात्रपाळी, हे उदाहरण जबरदस्त आहे. वादकांची बाजू मीच घेतली होती, तरी मानतो की नुसत्या वादकांनी होत नाही. फक्त १९७३ आणि १९७७ यांत एक मोठा फरक आहे. मधल्या काळात डिस्को सगळीकडे पसरलं. ज्या अर्ल यंगने १९७३ मध्ये हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये हाय-हॅटचा (ड्रमच्या झांजांचा) तो ठेका वाजवून डिस्कोला वाट दाखवली, त्याचीच नक्कल १९७७ पर्यंत सगळं जग करत होतं. टेम्पटेशन्स गेले तेव्हा तो आवाज नवा राहिला नव्हता. शिवाय त्यांचा लीड गायक डेनिस एडवर्ड्स ग्रुपमध्ये नव्हता.

सूरपारंबी

@रात्रपाळी, खूप छान मांडलंत. तुमच्या यादीनंतर माझं मत पक्कंच झालं, कसं ते सांगतो.

टेम्पटेशन्स गेले तेव्हा ते जगप्रसिद्ध होते. अटलांटिकला ते नाव हवं होतं. ग्रुपचा आवाज कसा असावा हे आधीच मोटाउनमधल्या त्यांच्या प्रोड्यूसरच्या, नॉर्मन व्हिटफील्डच्या रेकॉर्डिंगनी ठरवून टाकलं होतं. नव्या प्रोड्यूसरला करायला जागाच उरली नव्हती, एक तर जुन्याची नक्कल करा किंवा चालू फॅशनमागे जा. स्पिनर्सच्या डोक्यावर असलं काही ओझं नव्हतं. 'स्पिनर्सचा आवाज' अशी लोकांच्या कानात बसलेली वस्तूच नव्हती. बेलला तो आवाज घडवायला मिळाला.

ग्लॅडिस नाइटचं उदाहरण वेगळं पण त्याच जातीचं. गीतकार जिम वेदरलीची गाणी तिच्या गळ्यावर बसतात हे 'नायदर वन ऑफ अस'ने दाखवलं होतं, तेही वेदरलीचंच. बुद्धाकडे गेल्यावर त्याचीच आणखी गाणी घेतली. 'मिडनाइट ट्रेन' मुळात 'मिडनाइट प्लेन टु ह्यूस्टन' होतं, गायिका सिसी ह्यूस्टनच्या रेकॉर्डिंगच्या वेळी त्याचं विमान जाऊन ट्रेन झाली आणि मग ते ग्लॅडिसकडे आलं. म्हणजे इथेही लेबलच्या आधी गाणं आणि गळा यांची गाठ पडलेली.

जॅक्सन्सना तर उत्तम प्रोड्यूसर मिळूनही जमलं नाही, कारण त्यांना स्वतःचं स्वतः करायचं होतं. स्पिनर्सना लिहिणारा हवा होता. एकाच औषधाने दोघे बरे होणार नाहीत.

मिशिगनकर

त्यात एक भर घालतो. बेल कुणाही एका लेबलचा नोकर नव्हता, हे महत्त्वाचं आहे. गॅम्बल-हफ यांच्याबरोबर गाण्यांच्या प्रकाशन हक्कांच्या कंपनीत तो भागीदार होता, पण फिलाडेल्फिया इंटरनॅशनल हे लेबल त्या दोघांचं. म्हणून तो एकीकडे ॲव्हको लेबलसाठी स्टायलिस्टिक्स करू शकला आणि दुसरीकडे अटलांटिकसाठी स्पिनर्स. मोटाउनमध्ये हे शक्यच नव्हतं. तिथे लेखक, प्रोड्यूसर, वादक, स्टुडिओ, अगदी कलाकारांना चालणं-बोलणं शिकवणाऱ्या बाईसुद्धा एकाच छपराखाली. अटलांटिकला १९७२ मध्ये बाहेरच्या माणसाला बोलावून 'यादीतलं कुणीही घे' म्हणता आलं. तेव्हा लेबलला अगदीच शून्य गुण देऊ नका. दार उघडं ठेवणं हेही कामच आहे.

सूरपारंबी

@मिशिगनकर, हे मान्य. दार उघडं ठेवण्याचे गुण अटलांटिकला.

निषाद

एवढं कौतुक वाचून काल रात्री पूर्ण अल्बम ऐकला. थोडं वेगळं मत देतो, राग मानू नका.

चार-पाच गाणी अप्रतिम आहेत. 'गेटो चाइल्ड'ने तर मला हलवून सोडलं. गरीब वस्तीत जन्मल्याचा दोष पोराच्या माथी मारणारं गाव, आणि त्यावर ते मोठं, उघडं धृपद. पण 'डोन्ट लेट द ग्रीन ग्रास फूल यू' का घेतलं ते कळलं नाही. विल्सन पिकेटने ते आधी करून ठेवलंय, त्याच्या खरखरीत आवाजात त्याला धार आहे, इथे ती जाते. दुसरं, कोरसमध्ये बऱ्याच ठिकाणी बायकांचे आवाज इतके पुढे आहेत की पाच पुरुषांचा ग्रुप ऐकतोय हे विसरायला होतं. पर्व्हिस जॅक्सनसारखा खर्जातला आवाज हाताशी असताना तो जवळजवळ ऐकूच येत नाही. मग 'प्रत्येक आवाज ओळखला' हे कसं म्हणायचं?

बेसवाला

@निषाद, बायकांचे आवाज ही सिग्माची ओळखच होती. बार्बरा इन्ग्राम, कार्ला बेन्सन आणि एव्हेट बेंटन या तिघी तिथल्या असंख्य रेकॉर्डवर आहेत. बेलला कोरसचा वरचा थर चकचकीत हवा असायचा. पटो न पटो, तो त्याच्या कानाचा भाग होता.

कानसेन

@निषाद, पर्व्हिसबद्दल सहमत, पण त्याची भरपाई १९७५ मध्ये झाली. 'गेम्स पीपल प्ले' ऐका. पाळीपाळीने सगळे गातात आणि मध्येच पर्व्हिस त्या पाताळातून आल्यासारख्या आवाजात 'ट्वेल्व्ह फॉर्टीफाइव्ह' म्हणतो. एवढी एक ओळ, आणि तेवढ्यावर लोक त्याला आयुष्यभर ओळखत राहिले. माझ्या मते बेल या अल्बमवर सगळ्यांना ओळखून मोकळा झाला नव्हता, ओळखायला सुरुवात झाली होती.

आणि पिकेटच्या गाण्याबद्दल: ते पिकेटने केलं होतं याच सिग्मात, गॅम्बल-हफबरोबर. अटलांटिकचा गायक फिलाडेल्फियाला जाऊन काय करू शकतो याचा तो आधीचा दाखला होता. म्हणून घेतलं असावं असा माझा कयास. गाणं म्हणून तुमचं मत बरोबर आहे, पिकेटचंच सरस.

सूरपारंबी

@निषाद, राग कसला, असंच ऐकायला हवं. माझं बोट तुम्ही न घेतलेल्या एका गाण्याकडे: 'आय कुड नेव्हर रिपे युवर लव्ह'. ब्रूस हॉजचं. सावकाश, चर्चमधल्या गाण्याच्या वळणाचं, आणि विन त्यात हळूहळू असा वर चढतो की शेवटी ते प्रेयसीला म्हटलंय की देवाला, हे ठरवायची गरज उरत नाही. हिट झालेल्या गाण्यांत विनला मर्यादा आहेत, तीन मिनिटांत आटपायचंय. इथे बेलने त्याला मोकळं सोडलंय. लेबल बदलल्यावर घाईघाईने सिंगल गोळा करून काढलेला अल्बम असता, तर हे गाणं त्यात राहिलं नसतं.

एक_वाचक

जी. सी. कॅमेरॉनचं पुढे काय झालं? ज्याच्या आवाजावर 'इट्स अ शेम' चाललं, तो मागे राहिला आणि बाकीचे वर्षभरात कुठल्या कुठे. फार वाईट वाटलं.

मिशिगनकर

@एक_वाचक, मोटाउनवर एकटा गात राहिला. १९७५ मध्ये 'कूली हाय' या सिनेमासाठी त्याने 'इट्स सो हार्ड टु से गुडबाय टु यस्टरडे' गायलं. १९९१ मध्ये बॉइज टू मेन यांनी ते पुन्हा गायलं आणि साऱ्या जगाला माहीत झालं. मूळ गाणं ऐका. दोन हजारच्या सुमारास तो काही काळ स्पिनर्समध्ये परतला होता, नंतर काही वर्षं टेम्पटेशन्सबरोबरही गायला.

मोटाउनबद्दल आणखी एक: १९७३ मध्ये अटलांटिकवर गाणी गाजायला लागल्यावर मोटाउनने लगेच जुन्या गाण्यांचा 'बेस्ट ऑफ द स्पिनर्स' काढला. दोन अल्बमवाल्या ग्रुपचा!

रात्रपाळी

ब्रिटनमधल्या रेकॉर्डवर 'डेट्रॉइट स्पिनर्स' असं का छापलेलं असतं? माझ्याकडच्या प्रतीवर तेच आहे.

कानसेन

@रात्रपाळी, लिव्हरपूलचा 'स्पिनर्स' नावाचा लोकगीतं गाणारा ग्रुप तिथे आधीपासून प्रसिद्ध होता, म्हणून. मोटाउनवर असताना ब्रिटनमध्ये त्यांना 'मोटाउन स्पिनर्स' म्हणत, ते सोडल्यावर 'डेट्रॉइट स्पिनर्स'. 'गेटो चाइल्ड' तिथे अमेरिकेपेक्षा जास्त चाललं, ब्रिटनमध्ये सातवं, अमेरिकेत २९वं.

पणजीकर

यांच्यापैकी आता कुणी आहे का?

मिशिगनकर

@पणजीकर, मूळच्यांपैकी कुणी नाही. विन १९७७ मध्ये ग्रुप सोडून गेला. जुलै १९८४ मध्ये ऑकलंडमध्ये कार्यक्रम चालू असताना रंगमंचावरच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. बिली हेंडरसन २००७, पर्व्हिस जॅक्सन २००८, बॉबी स्मिथ २०१३. थॉम बेल डिसेंबर २०२२ मध्ये गेला. २०२३ मध्ये स्पिनर्सना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा मूळ ग्रुपमधला एकटा हेन्री फॅमब्रो हयात होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तोही गेला. हयात असताना, २०२३ मध्येच, ग्रुपच्या रंगमंचावरच्या कपड्यांचा शेकडो नगांचा संग्रह त्यांनी मोटाउनच्या संग्रहालयाला दिला. जिथे त्यांच्याकडे रेकॉर्डच्या पेट्या पाठवायचं काम होतं, तिथेच.

सूरपारंबी

हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. हॉल ऑफ फेमने १९७२-७३ नंतर पन्नास वर्षं लावली, हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही. बेल तरी हयात असताना व्हायला हवं होतं.

निषाद

पुन्हा ऐकला, या वेळी तुम्ही सांगितलेल्या गाण्यावर थांबून. 'आय कुड नेव्हर'बद्दल तुमचं बरोबर. कोरसबद्दल माझं मत तेच.

पुढे काय ऐकू? क्रमाने सांगा.

सूरपारंबी

@निषाद, आधी मागे जा: 'सेकंड टाइम अराउंड' मधलं 'इट्स अ शेम'. मग १९७३चा हा अल्बम. मग १९७४चा 'माइटी लव्ह', आणि त्याच वर्षाअखेरचा 'न्यू अँड इम्प्रूव्हड', त्यात डायोन वॉर्विकबरोबरचं 'देन केम यू' आहे. दोघांचंही पॉप चार्टवरचं पहिलं-पहिलं नंबर एक. मग १९७५चा 'पिक ऑफ द लिटर', पर्व्हिससाठी. कोरसमधल्या बायकांच्या आवाजाबद्दल तिथे पोहोचल्यावर पुन्हा लिहा, तेव्हा तुमचं मत ऐकायला आवडेल.